रोजच्या रस्त्यावरचा वारसा

ऑगस्ट २०२२मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका लिलावात काळ्या रंगाची एक फोर्ड एस्कॉर्ट आरएस टर्बो साडेसहा लाख पौंडांच्या बोलीला गेली. १९८५ सालची ही गाडी राजकुमारी डायना स्वतः चालवत असे. या मॉडेलचा नेहमीचा रंग पांढरा. पण गाडी चारचौघींत उठून दिसू नये म्हणून सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांनी ही एक काळी करून घेतली होती. बोली एवढी वर चढली ती मालकिणीच्या नावामुळे, हे उघडच आहे. तरीही लक्षात घ्यायला हवे की चुरस लागली होती ती एका एस्कॉर्टसाठी. ब्रिटनमधले शिक्षक, कारकून आणि विक्री प्रतिनिधी ज्या गाडीतून कामावर जात, तिच्याच एका तापट भावंडासाठी.

आज शोरूममधून बाहेर पडलेल्या किंवा नुकत्याच बंद झालेल्या वेगवान हॅचबॅक पुढे कधी अशा मानाने जपल्या जातील का? टोयोटा जीआर यारिस, होंडा सिव्हिक टाइप आर, ह्युंदाई आय२० एन, फोर्ड फिएस्टा एसटी, रेनॉ मेगान आरएस यांपैकी कोणत्या गाड्या तीस-चाळीस वर्षांनी क्लासिक म्हणून ओळखल्या जातील आणि कोणत्या भंगारात जातील? प्रस्तुत पुस्तक या प्रश्नाभोवती उभे आहे. ते जाणकारांइतकेच नवख्या वाचकांसाठीही असल्याने आधी थोडी पार्श्वभूमी.

हॅचबॅक म्हणजे मागची काच आणि डिकीचे झाकण मिळून एकच दार असलेली गाडी. मागची सीट दुमडली की तिच्यात कपाटही मावते. हिच्याच अंगात मोठे किंवा टर्बो लावलेले इंजिन, कडक सस्पेन्शन, दमदार ब्रेक आणि रुंद टायर घातले की झाली ‘हॉट हॅच’. स्पोर्ट्स कारला दोन माणसे आणि एक बॅग एवढाच संसार झेपतो. हॉट हॅच सकाळी मुलांना शाळेत सोडते, दुपारी किराणा आणते आणि रविवारी पहाटे घाटात चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आणते. एका पगारात, एका गॅरेजमध्ये ही सगळी कामे करणारी एकच गाडी, हा या वर्गाचा खरा शोध.

त्याची सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहेत. १९६१च्या मिनी कूपरने छोट्या गाडीला वेगाची चटक लावली आणि १९६४, १९६५ व १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकून दाखवली. पण मिनीला हॅचबॅकचे दार नव्हते. इटलीची ऑटोबियांकी ए११२ आबार्थ आणि फ्रान्सची सिम्का ११०० टीआय या दोघी कालक्रमाने आधीच्या. तरी जगाने हा वर्ग ओळखला तो फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयपासून. ती कंपनीच्या मूळ योजनेत नव्हतीच. आल्फोन्स लोवेनबर्ग हा इंजिनिअर, जनसंपर्क पाहणारे अँटन कोनराड आणि त्यांचे मोजके सहकारी यांनी कामाच्या वेळेबाहेर ही ‘स्पोर्ट गोल्फ’ घडवली. सप्टेंबर १९७५मध्ये ती फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली आणि पुढच्या वर्षी विक्रीला. इंजिन १.६ लिटरचे, इंधन-इंजेक्शनवाले, ११० अश्वशक्तीचे. वजन जेमतेम ८१० किलो. कंपनीला वाटले होते ५,००० गाड्या खपतील. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या.

या गाडीच्या आत डोकावले की तिचा स्वभाव कळतो. सीटवर लाल-काळ्या-करड्या चौकड्यांचे स्कॉटिश वळणाचे कापड आहे आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फच्या चेंडूसारखी, खळगे पाडलेली काळी मूठ. दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांच्या. त्या कंपनीत कापड आणि रंग यांचे काम पाहत. बाहेर पुढच्या जाळीभोवती बारीक लाल पट्टीही आहे. या तीन गोष्टींना खर्च नगण्य आला असेल, पण पन्नास वर्षांनंतरही प्रत्येक जीटीआयमध्ये त्यांतले काही ना काही दिसते. गाडी संग्राह्य होते ती निव्वळ अश्वशक्तीच्या आकड्यांवर नव्हे, हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा शोधावा लागत नाही.

गोल्फने जर्मन घराणे घालून दिले: मजबूत, समंजस, रोज वापरून न कुरकुरणारे. फ्रेंचांचा पिंड निराळा. १९८४ साली आलेली प्यूजो २०५ जीटीआय हलकी आणि चंचल होती, सुरुवातीला १.६ लिटरची, पुढे १.९ लिटर आणि १३० अश्वशक्तीची. तिच्या नावामागे रॅलीचे वलय होते, कारण २०५ टी१६ने १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक रॅली विजेतेपद मिळवले. त्या रॅलीच्या गाडीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते आणि रस्त्यावरच्या जीटीआयशी तिचे नाते नावापुरतेच होते, पण तरुण गिऱ्हाइकाला तेवढे पुरेसे होते. २०५ची खरी ख्याती मात्र तिच्या शेपटीची. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू लागतो. जाणकार चालक हाच गुण वापरून वळण छोटे करत. नवखे मात्र कुंपणात जात. आज चांगल्या २०५ जीटीआय कमी उरल्या आहेत, त्यात या शेपटीचाही वाटा आहे.

तिसरे घराणे रॅलीच्या नियमपुस्तकातून जन्मले. शर्यतीत उतरायचे तर ठरावीक संख्येने तशाच गाड्या सर्वसामान्यांना विका, हा नियम होता. त्यामुळे एरवी कोणत्याही हिशेबनिसाने मंजूर केल्या नसत्या अशा गाड्या शोरूममध्ये आल्या. इंजिन मागच्या सीटच्या जागी बसवलेली रेनॉ ५ टर्बो त्यांतली एक. पाठीवर मोठा पंख घेऊन आलेली फोर्ड एस्कॉर्ट आरएस कॉसवर्थ दुसरी. आणि सर्वांत वरचढ लान्सिया डेल्टा. तिचे मूळ रूप जॉर्जेतो जुजारो यांचे, म्हणजे ज्यांनी पहिली गोल्फ रेखाटली त्यांचेच. चारही चाकांना ताकद देणाऱ्या या डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे उत्पादकांचे जागतिक विजेतेपद राखले. आज संग्राहकांच्या बाजारात या घराण्याला तोड नाही.

जपानने वेगळा रस्ता धरला. १९९७ची पहिली सिव्हिक टाइप आर, जाणकार तिला ईके९ म्हणतात, टर्बोविना केवळ १.६ लिटरमधून १८५ अश्वशक्ती काढत होती आणि तीही मिनिटाला ८,२०० फेऱ्यांवर. होंडाने ती अधिकृतपणे जपानबाहेर विकलीच नाही, त्यामुळे बाकीच्या जगाला अनेक वर्षे तिची नुसती वर्णने वाचून राहावे लागले.

एवढ्या लोकप्रिय गाड्या दुर्मीळ झाल्या कशा, याचे उत्तर ब्रिटनच्या सामाजिक इतिहासात सापडते आणि या विषयावर लिहिणारे त्याकडे सहसा पुरेसे लक्ष देत नाहीत. १९८०च्या दशकाअखेर हॉट हॅच चोरण्याची लाट आली. त्या काळची कुलपे कच्ची होती. पोरे गाडी पळवत, रात्री वस्तीत तिच्या कसरती करून दाखवत आणि शेवटी ती पेटवून देत. १९९१ साली ऑक्सफर्डमधल्या ब्लॅकबर्ड लीज वसाहतीत यावरून पोलीस आणि तरुण यांच्यात दंगल उसळली; पुढच्या वर्षी अशा वाहनचोरीसाठी कडक शिक्षेचा स्वतंत्र कायदा करावा लागला. विम्याचे हप्ते एवढे वाढले की तरुणांना गाडी परवडली तरी विमा परवडेना. मागणी आटली आणि कंपन्यांनी हात आखडते घेतले. ज्या गाड्या चोरांच्या तावडीतून सुटल्या त्यांना गंजाने गाठले, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या मालकाने त्यांचे सस्पेन्शन खाली बसवून, सायलेन्सर बदलून त्यांचे मूळ रूप घालवले. लाखोंनी बनलेल्या गाड्यांतून मूळ अवस्थेतल्या मूठभर उरल्या त्या अशा.

नव्या गाड्यांच्या बाबतीत हे सगळे उलटे आहे. त्यांचा पत्रा सहज गंजत नाही, काही मालक पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर पारदर्शक आवरण चढवतात आणि सर्व्हिसची प्रत्येक पावती जपून ठेवतात. काही गाड्या तर नोंदणी होऊनही रस्ता पाहत नाहीत. म्हणून दुर्मीळपणा हाच निकष धरला तर आधुनिक हॉट हॅचचे भवितव्य फिके दिसेल. पण हा निकष अपुरा आहे. रेनॉ क्लिओ विल्यम्सचे उदाहरण घ्या. १९९३ साली निळ्या रंगात, सोनेरी चाकांवर आणि क्रमांकाची पट्टी लावून ती मर्यादित आवृत्ती म्हणून विकली गेली. खप पाहून कंपनीने दुसरी आणि तिसरी आवृत्ती काढली, एकूण संख्या बारा हजारांच्या पुढे गेली आणि पहिले मालक फसवले गेल्याच्या भावनेने संतापले. विल्यम्सच्या फॉर्म्युला वन संघाचा या गाडीच्या घडणीत हातही नव्हता. ती सगळी रेनॉ स्पोर्टची करामत. तरीही आज क्लिओ विल्यम्स आवडीने जपली जाते, कारण तिच्या दोन लिटर इंजिनाचा आणि पुढच्या चाकांच्या पकडीचा मेळ अप्रतिम जमला होता. चालवणाऱ्याच्या हातांनी दिलेला कौल संख्येवर मात करू शकतो.

हा विषय आत्ताच मांडण्याचे कारण युरोपातल्या नियमांत आहे. २०२०पासून तिथे प्रत्येक कंपनीच्या नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाचे लक्ष्य किलोमीटरला ९५ ग्रॅमवर आले आणि त्यावरच्या प्रत्येक ग्रॅमला, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड ठरला. सिव्हिक टाइप आरसारख्या गाडीचे उत्सर्जन १८० ग्रॅमच्या वर जाते. एक हॉट हॅच विकायची तर तिचा भार दुसऱ्या गाड्यांवर टाकावा लागतो, आणि नफा आधीच कमी असलेल्या छोट्या गाडीसाठी हा खटाटोप कंपन्यांना जड झाला. मेगान आरएस २०२३मध्ये संपली. त्याच वर्षी जुलैत फिएस्टाचे उत्पादन थांबले आणि तिच्याबरोबर एसटीही गेली. ह्युंदाईने युरोपातल्या आय२० एन आणि आय३० एन २०२४मध्ये आवरत्या घेतल्या. सिव्हिक टाइप आरने युरोपचा निरोप घेतला तो अवघ्या ४० गाड्यांच्या अखेरच्या आवृत्तीने. पेट्रोल इंजिन, हाताने बदलायचे गिअर आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यातली किंमत हे त्रिकूट एकत्र असलेली ही बहुधा शेवटची पिढी आहे. शेवटच्या पिढीकडे संग्राहकांचे लक्ष नेहमीच असते.

या पिढीतली सर्वांत भक्कम उमेदवार जीआर यारिस आहे, याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही. बाहेरून ती साध्या यारिसची बहीण वाटते. प्रत्यक्षात तिचा पुढचा अर्धा सांगाडा छोट्या यारिसचा आणि मागचा अर्धा मोठ्या गाडीच्या जातकुळीचा; छप्पर कार्बन फायबरच्या मिश्रणाचे; तीन सिलिंडरचे १.६ लिटर टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, तीनच दारे आणि १,२८० किलो वजन. रॅलीत उतरण्याच्या अटीसाठी तिची आखणी झाली, पण तिच्यावर बेतलेली रॅलीची गाडी महासाथीच्या काळात रद्द झाली. शर्यतीचे निमित्त गेले, गाडी मात्र राहिली. डेल्टाच्या घराण्याचा हा वारसा २०२०मध्ये पुन्हा उगवेल असे कोणाला वाटले नव्हते. तिच्याआधीची २००८ची मेगान आर२६.आर हीही नक्की जपली जाईल: मागची सीट काढलेली, मागच्या खिडक्या काचेऐवजी पॉलिकार्बोनेटच्या, १२३ किलो घटवलेले वजन आणि एकूण ४५० गाड्या. याउलट ४२१ अश्वशक्तीच्या मर्सिडीज-एएमजी ए४५ एसबद्दल शंका घ्यायला जागा आहे. ती अफाट वेगवान आहे, पण तिचा वेग उद्याची एखादी साधी विजेची गाडीही सहज ओलांडेल. आणि केवळ वेगावर मोठी झालेली गाडी वेगात मागे पडली की तिच्याजवळ सांगण्यासारखे थोडेच उरते.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. पहिल्या गोल्फ जीटीआयचे इंधन-इंजेक्शन यांत्रिक होते. कसबी मेकॅनिक ते आजही उघडून, साफ करून, पुन्हा बसवतो. आजच्या हॉट हॅचमध्ये इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि डॅशबोर्डवरचा पडदा हे सगळे एकमेकांशी संगणकाने बांधलेले आहे. एखादा नियंत्रक जळाला तर त्याच क्रमांकाचा दुसरा आणून भागत नाही, तो त्या गाडीशी कंपनीच्या सॉफ्टवेअरने जोडावा लागतो. २०५०मध्ये ते सॉफ्टवेअर कोण चालवील? सुट्या भागांच्या बाबतीत काही आशादायक प्रयत्न दिसतात. फोक्सवॅगनचा जुन्या भागांचा स्वतंत्र विभाग आहे, टोयोटाने जुन्या मॉडेलांचे भाग पुन्हा घडवायला घेतले आहेत आणि डेल्टाचे बंपर तिच्या मूळ कंपनीच्या वारसा विभागाने नव्याने बनवले आहेत. सॉफ्टवेअरसाठी अशी व्यवस्था उभी राहिलेली नाही. आजच्या मालकांच्या संघटनांनी दडपण आणायला हवे ते इथे, किमतींच्या चर्चेत वेळ घालवण्यापेक्षा.

कायद्याची बाजूही गुंतागुंतीची आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ ऐतिहासिक वाहनासाठी किमान तीस वर्षांची अट घालते आणि ते रोजच्या वाहतुकीसाठी वापरले जाऊ नये असेही म्हणते. जर्मनीतही तीस वर्षांनी ऐतिहासिक नंबरप्लेट मिळू शकते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनी रस्ता कर माफ होतो. अमेरिकेत तिथे कधी न विकलेली गाडी पंचवीस वर्षांनी मुक्तपणे आणता येते. १९९७ची ईके९ सिव्हिक २०२२मध्ये त्या उंबरठ्यावर पोचली, तशी जपानमधल्या गाड्यांना अमेरिकन गिऱ्हाइके मिळू लागली. आर२६.आरचा तो दिवस २०३३मध्ये येईल.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नावर वाढलेल्या आपल्या बाजारात वेगवान हॅचबॅकचा एक लहानसा पण जिवंत प्रवाह वाहत आला, आणि त्याचा बराचसा उगम महाराष्ट्रात आहे. फियाटची पालिओ १.६, शंभर अश्वशक्तीची, इंधनाच्या बाबतीत खादाड आणि महामार्गावर लोखंडासारखी स्थिर, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. सचिन तेंडुलकरच्या नावाशी जोडलेली तिची एस१० आवृत्ती ज्यांनी जपली, त्यांच्या हाती आज खरोखर दुर्मीळ वस्तू आहे. पुढे २००६च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असल्यास १,२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना करात सवलत दिली. त्यानंतर मोठे इंजिन घातलेली हॅचबॅक भारतात महागच पडणार, हे ठरून गेले. त्या चौकटीत बसणारे उत्तर चाकणच्या कारखान्याने दिले: २०१३ची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर टर्बो आणि १०५ अश्वशक्ती. रांजणगावात बनलेल्या आबार्थ पुंटोने २०१५मध्ये चौकट झुगारून १.४ लिटर टर्बोतून १४५ अश्वशक्ती दिली, ती साधारण दहा लाखांत. गिऱ्हाइके मात्र थोडी मिळाली. परदेशातून आणलेल्या तीन दारांच्या पोलो जीटीआयच्या तर ९९च गाड्या भारतासाठी होत्या.

या गाड्या जपणाऱ्यांसमोर आपला कायदा अवघड उभा आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांनंतर. म्हणजे २००२ची पालिओ २०५२पर्यंत केवळ जुनी गाडी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर, आणि दिल्ली परिसरात पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीवर बंदीची टांगती तलवार. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत गाडीला ना नव्याचा मान, ना वारशाचे संरक्षण. युरोपसारखा तीस वर्षांचा मधला टप्पा इथे यायला हवा, नाहीतर भारतातल्या हॉट हॅच इतिहासजमा होण्याआधीच भंगारजमा होतील.

या पार्श्वभूमीवर पुस्तकाचा आवाका सांगायला हवा. त्यात किमतींचे भाकीत नाही. गाडी गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला त्यातून फारसे मिळणार नाही. प्रत्येक गाडीला लेखकांनी तीनच कसोट्या लावल्या आहेत: चालवताना ती दुसऱ्या कोणत्याही गाडीने न दिलेले काही देते का, एखाद्या पिढीच्या तारुण्याशी तिचे नाव जोडलेले आहे का आणि पंचवीस वर्षांनी तिची दुरुस्ती करता येईल का. तिसऱ्या कसोटीला दिलेले वजन हे या पुस्तकाचे वेगळेपण. त्यामुळे बाजारात आज चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या काही गाड्या इथे मागे पडल्या आहेत आणि फिएस्टा एसटीसारखी साधी, आटोपशीर गाडी पुढे आली आहे. मूळ पाना, मूळ चाके, सर्व्हिसच्या नोंदी आणि गाडीसोबत आलेली दुसरी किल्ली यांचे महत्त्व लेखकांनी वारंवार सांगितले आहे, आणि ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी ते मनावर घ्यावे.

विजेवर चालणाऱ्या हॅचबॅकना पुस्तकात एकच प्रकरण आहे. ह्युंदाईची आयोनिक ५ एन गिअर बदलल्याचा धक्का आणि इंजिनाचा आवाज सॉफ्टवेअरने निर्माण करते. अल्पीन ए२९० रेनॉ ५च्या नव्या रूपावर उभी आहे. आणि रेनॉने ५ टर्बोच्या आठवणीने ५४० अश्वशक्तीची, १,९८० गाड्यांपुरती मर्यादित अशी विजेची आवृत्ती जाहीर केली आहे. या गाड्यांच्या बॅटऱ्या दहा-पंधरा वर्षांनी काय अवस्थेत असतील आणि दुसरा मालक त्यांना कसे वागवील, हे कळल्याशिवाय त्यांना वरच्या तीन कसोट्या लावणे घाईचे ठरेल. लेखकांनी ती घाई टाळली आहे आणि ते प्रकरण पुढच्या आवृत्तीत वाढवण्याचा मनोदय नोंदवला आहे.